उत्तरेच्या भिंतीबाहेर

शुभाताई थडगी घासायला निघाल्या होत्या, तेवढ्यात फोन आला.

"मावशी, घरीच आहेस ना?" हिमानीचा आवाज नेहमीचा नव्हता.

"दारात आहे. मनोहरभावजी वाट बघत असतील तिकडे. काहीतरी दाखवायचंय म्हणाले काल."

"मावशी, बस जरा. प्लीज."

शुभाताई बसल्या नाहीत. हिमानी काउंटी शेरिफच्या ऑफिसात डिटेक्टिव्ह होती. तिने कामाच्या वेळी फोन केला, तोही मराठीत, म्हणजे काय ते त्यांना उभ्या उभ्याच कळलं.

"मनोहरकाका गेले. त्या जुन्या चर्चयार्डमध्ये. एक हेडस्टोन अंगावर पडला. त्यांची अनन्या बेलव्ह्यूहून निघतेय, पण ती यायला उद्या दुपार होईल. आयडेंटिफाय करायला कुणीतरी..."

"येते," शुभाताई म्हणाल्या. हातातली ब्रशांची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

ओहायोतल्या या डब्लिनच्या नव्या कॉलन्या संपल्या की मक्याची शेतं लागतात, आणि शेतांच्या पलीकडे सेंट डेक्लनच्या जुन्या चर्चचे अवशेष. दोन उभ्या भिंती, एक कमान, छप्पर केव्हाच जळून गेलेलं. भोवती कालवे खणायला आलेल्या आयरिश मजुरांची थडगी. सगळ्याला दगडी कुंपण.

शुभाताईंना ही जागा पन्नास वर्षं माहीत होती. त्या नवी नवरी म्हणून इथे आल्या तेव्हा गावात मराठी घरं सातच. गणपती बसवायचा कुठे? गावातल्या नव्या चर्चच्या म्हाताऱ्या फादरनी आपलं तळघर दिलं होतं. "पाहुण्याला तळघरात उतरवणं बरं दिसत नाही," ते म्हणाले होते, "पण आमच्याकडे मोकळी जागा तेवढीच आहे." विसर्जन या अवशेषांमागच्या ओढ्यात. सायकामोरच्या मोठ्या झाडाखाली डोह होता, तिथे गुपचूप. परवानगी कुणी मागितली नव्हती. मूर्ती हातात धरून पाण्यात उतरायचे मनोहर टिपणीस आणि सुमंत वझलवार. सुमंत तेव्हा विद्यार्थी होता, रोज रात्री शुभाताईंकडे जेवायला असायचा.

आता मंडळ दोन हजार माणसांचं झालं होतं. गणपती शाळेच्या जिममध्ये बसायचा आणि पार्किंग लॉटमधल्या निळ्या प्लॅस्टिकच्या टबात विसर्जन व्हायचं. त्या टबात पाय घालून खिदळणाऱ्या पोरांना ओढा म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

मनोहर मात्र विसरला नव्हता. नोकरी संपल्यावर त्याने ही आयरिश थडगी स्वच्छ करायला घेतली. "त्यांनी आपल्या देवाला जागा दिली, आपण त्यांच्या माणसांची नावं वाचता येतील एवढं करू," तो म्हणायचा. बायको, सुमेधा, गेल्यावर तर तो तिथेच असायचा. शुभाताई मंगळवारी आणि शुक्रवारी जायच्या.

आज शुक्रवार होता.

शिळा अजून तशीच पडलेली होती. मनोहरला बाहेर काढून चादरीखाली ठेवलं होतं. शुभाताईंनी चेहरा पाहिला, मान हलवली. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती. मेलेल्या माणसाची भीती त्यांना नव्हती. पण हा मनोहर होता.

"चादर सगळी बाजूला कर, हिमानी."

"मावशी, कशाला?"

"कर म्हणते ना."

त्या वाकल्या. मनोहरच्या तपकिरी पँटला गुडघ्यांवर कुसळं चिकटली होती. स्वेटरलाही होती, पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत. त्यांनी भोवताली पाहिलं. चर्चयार्डातलं गवत गालिच्यासारखं कापलेलं होतं.

पलीकडे मनोहरची ढकलगाडी उभी होती. तिच्यात फवाऱ्याची बाटली होती आणि तीन ब्रश. बाटली काठोकाठ भरलेली. ब्रश कोरडे ठणठणीत. आडव्या पडलेल्या शिळेवरून त्यांनी हात फिरवला. शेवाळाची पूड हाताला लागली.

शिळेच्या पायथ्याशी पिवळी फीत पडली होती.

"ही फीत भावजींनीच बांधली होती," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात. ही शिळा कलली होती, पायातून सुटली होती. मला म्हणाले, 'शुभा, हिच्या सावलीतसुद्धा बसायचं नाही.'"

हिमानीने सुस्कारा सोडला. "मावशी, आय नो. पण बॉस म्हणतो, क्लिअर ॲक्सिडेंट. म्हातारा माणूस, एकटा काम करत होता. संध्याकाळपर्यंत फाइल क्लोज करणार."

त्याच वेळी शुभाताईंचा फोन वाजला. अनन्या, मनोहरची मुलगी, विमानतळावरून बोलत होती. रडत होती आणि चिडलीही होती. "मी हंड्रेड टाइम्स सांगितलं होतं बाबांना, एकटे जाऊ नका. ऐकलं का कधी? ही किल्ड हिमसेल्फ, मावशी. हट्टीपणाने."

शुभाताईंनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"हिमानी, हा माणूस हट्टीपणाने मेला असं त्याच्या पोरीने जन्मभर म्हणायचं, हे मी होऊ देणार नाही. मला एक दिवस दे."

चर्चयार्डाचं गवत कापणारा टॉम कर्नी आपल्या यंत्राला टेकून उभा होता. त्याचे पणजोबा इथेच पुरलेले. प्रेत त्यालाच सापडलं होतं.

"काल दुपारी तू इथे होतास?"

"तीनपर्यंत. मग दवाखान्यात गेलो, बायकोला घेऊन."

"मनोहर कुठे काम करत होता?"

"काम कुठे करत होता! भिंतीबाहेर गुडघे टेकून गवत चाचपत होता. मी विचारलं, चष्मा हरवला का? तो हसला. म्हणाला, उद्या सांगतो."

"अजून कुणी आलं होतं?"

"तुमच्या मंडळातल्या त्या इंजिनिअर पोराचा ट्रक आला होता. कचऱ्याच्या डब्याजवळ."

उत्तरेच्या भिंतीबाहेरचं कुरण मंडळाने हॉलसाठी घेतलं होतं. रविवारी भूमिपूजन होतं, सोमवारी जेसीबी येणार होता. तोडलेली झुडपं टाकायला फाटकाशी कचऱ्याचा लोखंडी डंपस्टर आणून ठेवला होता, खोलीएवढा.

शुभाताईंना कालचा मनोहरचा फोन आठवला. "उद्या भिंतीबाहेर ये, शुभा. बूट घालून ये, कुसळं आहेत. आणि मनाची तयारी ठेव, आपला हॉल काही इथे होत नाही." त्यांना वाटलं होतं, परवानगीचं काहीतरी अडलं असेल.

त्या भिंतीला वळसा घालून गेल्या. गुडघाभर वाळलेलं गवत. पाच पावलांतच त्यांच्या साडीच्या निऱ्या कुसळांनी भरल्या. भिंतीलगत गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, आणि त्या थांबल्या.

जमिनीत खळगे होते. वीतभर लांबीचे, उथळ, ओळीत. तळाशी पांढरी मुळं उघडी पडलेली, अजून पुरती वाळलेली नव्हती. इथून काहीतरी उचललं होतं, आणि ते कालच.

"टॉम!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये. हे काय असेल?"

टॉमने पाहिलं. टोपी काढली.

"माझी आजी सांगायची," तो म्हणाला. "आयर्लंडमध्ये बाप्तिस्मा व्हायच्या आत बाळ गेलं तर चर्चच्या जमिनीत जागा मिळायची नाही. मग बाप एकटाच जाऊन त्याला भिंतीबाहेर पुरायचा, उत्तरेला. वर पांढरा दगड ठेवायचा. त्यावर नाव नाही, काही नाही. इथेही तसं केलं असेल, हे मला माहीत नव्हतं."

"आणि थडगी सापडली तर?"

"तर इथे कुदळही पडणार नाही. कायदाच आहे."

शुभाताईंनी खळग्यांची ओळ पुन्हा पाहिली. दगड कुठे गेले?

डंपस्टरमध्ये नुसती झुडपं होती. हिमानीच्या शिपायाने तळापर्यंत उपसून पाहिलं. मग त्या चर्चच्या पडक्या भागात गेल्या. पडलेल्या दगडांचा तिथे डोंगर होता. एक दगड लपवायचा तर यापरती जागा नाही. पण सगळ्या ढिगाऱ्यावर एकसारखं शेवाळ चढलेलं, एकही दगड हललेला नव्हता.

टॉमने सांगितलेला इंजिनिअर म्हणजे सिद्धेश, चाळिशीचा, इथेच जन्मलेला. हॉलचं डिझाइन त्याचं.

"मावशी, आय वॉज होम. ऑल डे."

"सिद्धेश, तुझा ट्रक लोकांना दिसतो रे. तो काही सायकलएवढा नाहीये."

तो लाल झाला. "ओके. आलो होतो. अडीच वाजता, फाइव्ह मिनिट्स. डंपस्टर चेक करून गेलो. काकांना भेटलोही नाही. मला वाटलं, पोलीस म्हणतील की साइट सेफ नव्हती, ब्लेम माझ्यावर येईल."

"भिंतीकडे कधी गेला होतास?"

"सर्व्हे केला तेव्हा, समरमध्ये. गवत कमरेएवढं होतं, यार. काही दिसतच नव्हतं."

"आणि मागच्या ओढ्यावर?"

"ओढा?" त्याने हिमानीकडे पाहिलं. "यू मीन देअर्स अ क्रीक?"

सुमंत वझलवारच्या घरी दारातच चपलांचं कपाट होतं. शुभाताईंनी बूट काढले आणि कपाटापाशी वाकल्या, खालच्या खणात ठेवायला. तिथे सुमंतचे चालायचे बूट होते. आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरलेले.

घरभर पूजेचं सामान होतं. नारळ, विड्याची पानं, कोऱ्या कापडात बांधलेली कुदळ. सुमंत मंडळाचा अध्यक्ष होता. बायको कृष्णा गेली त्या वर्षी त्याने हॉलचं मनावर घेतलं. दर रविवारी लोकांच्या दारात जाऊन देणग्या मागितल्या, दोनदा जमीन हातची गेली, पण त्याने हाय खाल्ली नाही. हॉलला कृष्णाचं नाव द्यायचं ठरलं होतं.

"वहिनी, माझा तर विश्वासच बसत नाही," तो म्हणाला. डोळे सुजलेले होते. "मनोहर म्हणजे माझा मोठा भाऊ."

"काल कुठे होतास, सुमंत?"

"घरीच. ही तयारी बघता ना. पाय बाहेर ठेवला नाही."

"भावजी काही बोलले होते? कुरणाबद्दल?"

"छे. काय बोलणार?"

"भूमिपूजन पुढे ढकलू या का? सुतक नसलं तरी..."

"नको!" तो जरा जोरातच म्हणाला. मग आवाज खाली आणला. "नको वहिनी. त्यालाही हा हॉल हवाच होता. त्याच्यासाठी तरी होऊ द्या."

त्या निघाल्या. बूट चढवताना पुन्हा एकदा खालच्या खणाकडे पाहिलं.

गाडीत हिमानी म्हणाली, "मावशी, एक सांगायचंय. कॉरोनरचा फोन आला होता, पोस्टमॉर्टेम झालं. काकांच्या डोक्याला मागून मार आहे, पण त्याने ते गेले नाहीत. छाती दबून गेले. दगड पडला तेव्हा ही वॉज अलाइव्ह."

"गाडी ओढ्याकडे घे," शुभाताई म्हणाल्या.

"कुठला ओढा?"

"तुलाही माहीत नाही ना? साहजिक आहे."

वाट आता राहिली नव्हती. काट्यांतून अंदाजाने उतरावं लागलं. सायकामोर अजून होता, अर्धा पोकळ झालेला. डोहाच्या काठाशी, गुडघाभर स्वच्छ पाण्यात, पांढरे दगड ठेवलेले होते. ते कुणी फेकलेले नव्हते. एकाला लागून एक, ओळीने, अलगद मांडलेले होते. दोन दगडांच्या फटीत झेंडूची पाकळी अडकून थरथरत होती.

हिमानी काठावर बसली. "हू डज दॅट?" ती पुटपुटली.

शनिवारी दुपारी कुरणात मांडव उभा राहिला होता. पोरं दिव्यांच्या माळा लावत होती. शुभाताई आणि हिमानी आल्या तेव्हा सुमंत मांडवामागे एकटाच खुर्च्या उलगडत होता.

"बस, सुमंत," शुभाताई म्हणाल्या.

"वहिनी, खूप कामं पडलीत."

"उद्या पूजा नाहीये. बस."

तो बसला. हिमानीने इंग्रजीत त्याला त्याचे हक्क सांगितले, वकिलाचंही सांगितलं. रविवारच्या मराठी शाळेत आपणच हिमानीला बाराखडी शिकवलेली त्याला आठवली असेल. तो तिच्याकडे बघेना.

"गुरुवारी भावजी चर्चयार्डात काम करत नव्हते," शुभाताई बोलू लागल्या. "बाटली भरलेली, ब्रश कोरडे, शिळा कोरडी. दगड आधी भिजवल्याशिवाय ते ब्रश लावत नसत, आणि त्या शिळेजवळ तर फिरकतच नसत. पण त्यांच्या गुडघ्यांवर कुसळं होती. म्हणजे ते इथे होते, या कुरणात. पाठीवरही कुसळं. म्हणजे ते इथे पाठीवर पडले, आणि कुणीतरी त्यांना उचलून आत नेलं. ढकलगाडी हाताशी होतीच."

"वहिनी, तो सिद्धेश..."

"थांब. त्यांना बाळांची थडगी सापडली होती. दगड दिसले असते तर हॉल झाला नसता. म्हणून कुणीतरी दगड उचलले. टॉमने तर ते उचललेच नसते, त्याचेच ते लोक. राहिलात तुम्ही दोघं. आता विचार कर, दगड लपवायचे कुठे? फाटकाशी डंपस्टर, पलीकडे पडक्या दगडांचा डोंगर. सिद्धेश असता तर क्षणात भिरकावून मोकळा झाला असता. पण ज्याने उचलले त्याला कळत होतं की ही बाळं आहेत. आपल्याकडे देवाची तसबीर फुटली तरी कचऱ्यात टाकत नाहीत. निर्माल्य टाकत नाहीत. हे सगळं आपण पाण्यात सोडतो. त्याच्या हातांनी त्याला न विचारताच पाण्याची वाट धरली. आणि पाणी कुठे आहे हे आज कुणाला माहीत आहे? पार्किंग लॉटच्या टबात विसर्जन करणाऱ्यांना नाही. त्या डोहात गणपती घेऊन उतरणारे दोघंच होते, सुमंत. त्यातला एक गेला."

सुमंतने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आणि तुझे बूट. पंधरा दिवस पाऊस नाही. तू म्हणालास, घराबाहेर पाय ठेवला नाही. मग बूट ओले कशाने झाले, की वाळवायला आत वर्तमानपत्र कोंबलंस?"

"आम्ही ते बूट घेतलेत, काका," हिमानी हलक्या आवाजात म्हणाली. "आणि तुमच्या गाडीच्या ट्रंकेतली मातीही."

मांडवापलीकडे कुणीतरी गाणं लावलं, मग बंद केलं.

"त्याने मला बोलावलं," सुमंत म्हणाला. "दाखवलं. केवढा खूश होता तो! म्हणाला, काउंटीला सोमवारच्या आत कळवू. मी पाया पडलो त्याच्या, वहिनी. म्हटलं, दोनशे वर्षं कुणी विचारलं नाही यांना, आता कशाला? कृष्णाचं नाव लागायचंय. तो म्हणाला, 'कृष्णालाच विचार, ती काय म्हणाली असती.' तेव्हा मी ढकललं. एवढंच. तो मागे पडला, डोकं दगडावर. हलेना."

"म्हणून त्यांना शिळेखाली ठेवलंस."

"तो गेला होता."

"नव्हते गेले," शुभाताई म्हणाल्या. "शिळा पडली तेव्हा ते श्वास घेत होते. छाती दबून गेले."

सुमंतने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"ते दगड तू किती जपून ठेवलेस पाण्यात. फुलं वाहिलीस. एवढा वेळ होता तुझ्याकडे. तोच हात भावजींच्या नाकाशी का नाही धरलास, सुमंत? एकदा तरी?"

मग तो बोलला, इतक्या हळू की हिमानीला पुढे वाकावं लागलं.

"भीती वाटली, वहिनी. जिवंत असेल म्हणून."

हिमानी त्याला घेऊन गेली. मांडवातली पोरं हातातल्या माळा तशाच धरून बघत राहिली. शुभाताईंनी त्यांना मांडव उतरवायला सांगितला. कारण एका वाक्यात सांगितलं, आणि कुणी उलट विचारलं नाही. पन्नास वर्षं त्याही अशा हॉलची वाट पाहत होत्या.

अनन्या थेट विमानतळावरून त्यांच्याकडे आली. हिमानीने तिला फोनवर सगळं कळवलं होतं, कॉरोनरचं तेवढं सोडून. तिने बॅगही खाली ठेवली नाही.

"मी बाबांना काय काय बोलले, मावशी. आणि त्यांची चूकच नव्हती."

"नव्हती."

अनन्याने डोळे पुसले. "ॲट लीस्ट... लगेच गेले ना ते? त्यांना काही कळलं नसेल ना?"

'नाही गं' एवढंच म्हटलं की झालं असतं. शुभाताईंनी तिच्या हातातून बॅग घेतली, तिला खुर्चीवर बसवलं, आणि तिच्यासमोर बसून तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले.

"लगेच नाही, बाळा," त्या म्हणाल्या.